तिरपा माथा

कोराडी,
२० नोव्हेंबर २०२३

आदरणीय मीरा आत्यास,
रोशनीचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे आई ठीक आहे, मी ठीक आहे आणि बाबा गेले नऊ दिवस माझ्याशी मीठ दे, पाणी दे एवढंच बोलतात. खदानीतल्या क्रशरनं तुझे कान नेले, फोनवर तुला काही ऐकू येत नाही, हे माहीत असून त्यांनी परवा तुला फोन लावला आणि माझी तक्रार केली. तू पलीकडून नुसतं हो हो म्हणत होतीस. तू कशाला हो म्हणालीस ते तुला कळावं म्हणून हे पत्र.

हिंगण्याचं आमचं युनिट दुसऱ्या राज्यात हलवलं आणि ग्राइंडिंग मशीनवरच्या आम्हा चौदा जणांना घरी बसवलं. बाबांनी लगेच पॉवर स्टेशनच्या अप्रेंटिसचा फॉर्म आणला. मी तो भरलासुद्धा. त्यावर लावायचा फोटो काढायला इतवारीत गेले, तर सराफ्याच्या मागच्या बोळीत एका दारातून बारीक खर्रर्र असा आवाज आला. आत्या, तो आवाज माझ्या ओळखीचा. चाकावर काहीतरी घासलं जात होतं आणि घासणाऱ्याचा हात फार हलका होता. मी आत डोकावले. सत्तरीचे एक सोनारकाका बसले होते, मनोहरराव. काय पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, की काका, तुमची चकती केसभर डगमगते आहे. ते चिडले. मग चकती थांबवून पाहिली, आणि खरंच डगमगत होती. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जाते आहे.

ते दागिने घडवतातच, पण खड्यांना पैलूही स्वतःच पाडतात. खडा लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि फिरत्या ओल्या चकतीवर एकेक बाजू सपाट करायची. प्रत्येक सपाट बाजू म्हणजे पैलू. सगळ्यात वरचा रुंद पैलू तो माथा. खड्याच्या कमरेची कडा तो कंदोरा. त्याच्या खाली निमुळता होत जातो तो तळ. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही नुसती नावं आहेत. मग त्यांनी डाळिंबी रंगाचा चण्याएवढा खडा आणि एक भिंग हातात दिलं. म्हणाले, उजेड माथ्यातून आत जातो, तळाच्या पैलूंवर आपटतो आणि परत माथ्यातून तुझ्या डोळ्यात येतो. तळाचा उतार चुकला तर उजेड खालून गळून जातो आणि खडा मेल्यासारखा दिसतो.

मी पाहिलं. आत्या, मला कसं सांगू? एवढ्याशा दगडाच्या आत खोल्याच खोल्या होत्या. प्रत्येक खोलीत दिवा. मी हात किंचित हलवला की इकडचे दिवे विझायचे, तिकडचे लागायचे. पाच मिनिटं झाली असतील, मनोहरराव म्हणाले पंचवीस झाली.

बाबा एकच वाक्य म्हणतात, की घरातल्या एका बाईनं दगडाला डोळा दिला, तेवढं पुरे. ते फक्त तुझं ऐकतात. तू त्यांना दोन ओळी लिही ना.

तुझी माया आहेच. या खेपेला ती बाबांना लांबून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात पाठव.

तुझी,
रोशनी


मु. खैरी, ता. पवनी,
२८ नोव्हेंबर

चि. रोशनीले,
आत्याचा जयभीम अन् आशीर्वाद. पत्र भेटलं. तीनदा वाचलं.

इकडे धान कापणं झालं. माझे गुडघे आहे तसेच. कान तं गेलेच, पण त्याचा एक फायदा हाये, शेजारीण काय बोलते ते ऐकू येत नाही.

पोरी, मी तुझ्या बापाले, अंकुशले लिहिणार नाही. तू रागावजो, पण आधी पुढचं वाच.

मी तवा वीस वर्साची होती. खदानीत गिट्टी फोडे. दगडाले नस असते, हे तुले कोणी सांगितलं नसन. फोडाच्या आधी त्याच्यावर पाणी टाकाचं. पाणी सुकता सुकता एक ओली रेघ मागं राहते, ते नस. नसीवर हातोडा बसला तं दगड एका घावात उघडते, भाकर मोडावी तसा. आडवा बसला तं हातोडा परत येते अन् कपची उडते. त्या दिवशी ट्रक उभा होता, मुकादम बोंबलून राहिला होता, अन् म्या पाणी न टाकता मारलं. कपची डाव्या डोळ्यात गेली. तिसऱ्या दिवशी मले नागपूरच्या दवाखान्यात नेलं, गिट्टी भरलेल्या ट्रकवर बसवून. सोबत कोणी मोठं माणूस नव्हतं. तुझा बाप होता, सात वर्साचा. साऱ्या रस्त्यानं त्यानं माझा हात धरून ठेवला होता. डॉक्टर म्हणे उशीर झाला. मी रडली नाही, तो रडला. आता सांग, त्याले मी कोणत्या तोंडानं लिहू, की तुझ्या पोरीले दगडापाशी बसू दे?

तुझा तो खोल्यांचा दगड खरा असन. मले काही समजलं नाही. पाण्यासारखा हाये काय तो? का काचेसारखा? मंग काच काहून नाही म्हणत त्याले? अन् तो म्हातारा चष्मा लावते की नाही? तू लावतं की नाही? हे आधी लिह्य. चकतीवर पाणी पडते म्हणतं, ते बरं हाये. सुकी धूळ खाऊ नको वं, ते छातीतून निघत नाही.

रागावली तरी पत्र टाकत राहजो.

तुझी,
मीरा आत्या


कोराडी,
१६ डिसेंबर २०२३

आदरणीय आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रागावले नाही. ट्रकची गोष्ट बाबांनी कधीच सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांना चहा दिला आणि उगीच शेजारी बसून राहिले. त्यांनी विचारलं, काहून अशी पाहून राहिली? मी काही नाही म्हटलं.

चष्मा लावते. हिंगण्याचाच आहे, बाजूनं बंद असलेला. मनोहरराव लावत नव्हते. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं, तेव्हापासून लावतात. नसेची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली.

आता मोठी बातमी. मनोहररावांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते घरी होते, दुकानात मी एकटी. तेव्हा रामदासपेठेतून शोभाताई म्हणून एक बाई आल्या. बहात्तर वर्षांच्या, डॉक्टर होत्या, ऑपरेशनच्या आधी भूल द्यायच्या. त्यांनी कापसात गुंडाळलेला एक खडा काढला. त्यांच्या आईचा. मधाच्या रंगाचा टोपाझ, बोराच्या बीएवढा. एक कोपरा उडालेला, माथ्यावर ओरखडे. फुटका म्हणून चाळीस वर्षं डबीत ठेवला होता. आता त्याला नीट करून द्या, पदक घडवा, मी ते घालून भाजी आणायला जाणार आहे, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.

मनोहररावांना सांगितलं. ते म्हणाले, टोपाझला मी तीस वर्षं हात लावलेला नाही. एकदा चकतीवरच त्यांच्या हातात एक टोपाझ उभा उकलला होता, कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा. खडा परत कर म्हणाले. मी म्हटलं, शब्द दिला आहे. दुसऱ्या दिवशी ते काळा चष्मा लावून दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. डोळ्याला पाणी-धूळ चालत नाही म्हणून आत यायचं नाही. ते नुसतं ऐकतात आणि बाहेरून सांगतात, आवाज जाड झाला, हात उचल. आता पातळ आहे, असाच राहू दे. आत्या, दिसत नसताना ते आवाजावरून सांगतात की कोणता पैलू चालू आहे!

कंदोऱ्याभोवतीचे सगळे पैलू असे चकाकले की त्यात पंख्याची पाती मोजता येतात. फक्त माथा हट्टी आहे. चार दिवस झाले, कितीही घासला तरी त्याच्यावरचं धुकं जात नाही. पुसलं की दिसतं, बारीक बारीक खपल्या निघाल्यासारखं.

पण काल काय झालं ऐक. खडा काडीवरून थोडा सुटला होता, म्हणून लाख तापवून पुन्हा बसवला. मग गार झाल्यावर उजेडात तिरपा धरला, तर आत माथ्याच्या जरा खाली इंद्रधनुष्य! खरंखुरं, सातही रंगांचं, मुगाच्या डाळीएवढं. आधी ते नव्हतं. मला वाटलं, आतापर्यंत झोपलेलं काहीतरी माझ्या हातानं जागं झालं. घरी आईला सांगितलं, बाबांनाही सांगितलं, ते ऐकत नसल्यासारखे ऐकत होते. सोमवारी मनोहररावांचा काळा चष्मा निघेल, तेव्हा त्यांना दाखवणार.

तुझ्या गुडघ्यांना आणि शेजारणीला जयभीम सांग.

तुझी,
रोशनी


इतवारी, नागपूर,
२१ डिसेंबर २०२३

श्रीमती मीराबाई यांस,
मनोहररावाचा सप्रेम नमस्कार. आपल्या घरी जयभीम करतात, म्हणून तोही. वि. वि.

आपली ओळख नाही. पण आपली पत्रे रोशनी मला वाचून दाखवते. न विचारता ऐकली, याबद्दल आधी क्षमा मागतो.

ऑपरेशननंतर माझ्या नव्या डोळ्याने जी पहिली बारीक गोष्ट पाहिली, ती म्हणजे आपल्या भाचीचे इंद्रधनुष्य. ती ते मोठ्या कौतुकाने दाखवत होती. मला तिच्या तोंडावरचा आनंद मोडावा लागला. ते इंद्रधनुष्य म्हणजे तडा आहे. आतून पापुद्रा सुटू लागला की मधल्या फटीत उजेड असे रंग दाखवतो. लाख घाईने तापवली गेली असावी. पोरीने ऐकले, खडा डबीत ठेवला, चकती पुसून ठेवली आणि गेली. आज तिसरा दिवस, ती आलेली नाही. फोन उचलत नाही. तिच्या वडिलांना भेटलो. ते मला टाकून बोलले नाहीत, पण एवढेच म्हणाले, की दगडाने पुन्हा आमच्या घरातल्या पोरीला रडवले.

चूक तिची नाही. दाराबाहेर बसून कान लावणारा उस्ताद मी. लाख तापताना आवाज होत नाही, हे मला कळायला हवे होते.

आता विचारतो ते कारागीर म्हणून विचारतो. तडा माथ्याला समांतर आहे. म्हणजे या दगडाची नस माथ्याच्या दिशेनेच पडली आहे, आणि म्हणूनच माथा झिलई घेत नव्हता, हे आत्ता उमगले. आपण नसेवर घाव घालून दगड उघडत होता. मला तो उघडायचा नाही. नस पृष्ठभागालगत असेल, तर दगड न उकलता त्याचे तोंड गुळगुळीत करता येते का? पन्नास वर्षे मी हे काम करतो आणि मला हे ठाऊक नाही, असे लिहिताना लाज वाटत नाही. आपल्याला ठाऊक असेल असे मात्र फार वाटते.

प्रकृतीस जपावे. उत्तर आले तर उपकार, न आले तरी आदर आहेच.

आपला,
मनोहरराव


मु. खैरी,
२७ डिसेंबर

चि. रोशनीले,
आत्याचा जयभीम. आशीर्वाद नंतर, आधी बोलणं खाजो.

काहून घरी बसली वं? दगड फुटला नाही अजून, तूच फुटली. माझा डोळा गेला तवा मी पंधराव्या दिवशी खदानीत परत गेली होती. पोटासाठी गेली, मोठेपणा नाही सांगून राहिली. पण गेली. तू त्या डॉक्टरबाईले तोंड दाखव आधी. लपवशील तं तो तडा तुझ्यात जाईन.

मनोहररावजीले माझा जयभीम सांग. त्यांचं पत्र शाळेतल्या मास्तरले दाखवलं, का बा मी बरोबर वाचून राहिली की नाही. पन्नास वर्साचा कारागीर मले विचारते! मी दिवसभर कामच नाही केलं. पत्र पदराले बांधून फिरली.

आता नीट वाच. आमच्या खदानीत देवाजी नावाचा म्हातारा होता, तो पाटे बनवे, मसाला वाटाचे. थराचा दगड घे, तो सहज उघडते. पण उघडलेलं तोंड तसंच ठेवून टाकी मारली तं दर टाकीले पापडी निघते. निघतच राहते, पाटा कधी सारखा होत नाही. तुझ्या माथ्यावर खपल्या निघते म्हणतं, ते हेच होय. मंग देवाजी काय करे, दगडाखाली एका बाजूनं पाचर ठेवे अन् तोंड जरासं तिरपं घडवे. तिरपं झालं की एकच थर वर नाही राहत, साऱ्या थरांच्या कडा वर येते, पुस्तक तिरपं कापल्यावानी. ते एकमेकाले धरून बसते. पापडी बंद. वीतभर पाट्याले बोटाच्या एका पेराएवढी पाचर. जास्त नाही.

अन् घाई नाही. देवाजी दर घडीले दगडावर हात ठेवून पाहे, तापला काय म्हणून. तापला तं बिडी पेटवे. त्याच्या बिड्या लय होत. तू बिडी पिऊ नको, पाणी पी.

अंकुशले वेगळी चिठ्ठी लिहून राहिली. त्यात काय हाये ते तुले सांगणार नाही.

दगडापाशी परत जाजो. आत्ता आशीर्वाद.

तुझी,
मीरा आत्या


कोराडी,
१५ जानेवारी २०२४

आदरणीय, आणि आता मनोहररावांच्या भाषेत उस्ताद मीराबाई यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी दुसऱ्याच दिवशी इतवारी गाठली. आधी मी आणि मनोहरराव रामदासपेठेत गेलो. शोभाताईंना सगळं सांगितलं, लाख मी घाईत तापवली हेसुद्धा. त्यांनी भिंग लावून तो तडा बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, की पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगायचं काम मी आयुष्यभर केलं, मला कुणी असं समोर बसून खरं सांगायची ही पहिलीच वेळ. वाचायची शक्यता किती, असं त्यांनी विचारलं. मनोहरराव म्हणाले, निम्मी. त्या म्हणाल्या, ऑपरेशन टेबलावर निम्मी शक्यता आम्ही पुष्कळ मानायचो. घ्या करायला.

दुकानात आल्यावर मी तुझी वीत आणि पेर कागदावर मांडली. बावीस सेंटिमीटरला अडीच. कोन निघाला साडेसहा अंश. मनोहररावांनी त्यांच्या सुरतेच्या एका जुन्या सोबत्याला फोन लावला. त्यानं कुठल्याशा पुस्तकात पाहून सांगितलं, की टोपाझचा माथा नसेपासून पाच ते दहा अंश तिरपा ठेवावा. आत्या, आम्ही दोघं एकमेकांकडे पाहतच राहिलो. पवनीच्या खदानीत बिड्या ओढणारा देवाजी आणि ते पुस्तक, दोघांची पाचर एकच! मनोहरराव उठून बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा नवा डोळा पुसत होते. डॉक्टरनं सांगितलेलं औषध घातलं म्हणाले. बाटली तर कपाटातच होती.

मग सहा दिवस लागले. माथा तिरपा केला की त्याच्याभोवतीचे सगळे पैलू पुन्हा पाडावे लागतात. मी चार फेऱ्या घासायची, खडा ओठाला लावून पाहायची, कोमट लागला तर थांबायची. मनोहरराव आता आत, माझ्या शेजारी बसत. इंद्रधनुष्य आधी डाळीएवढं होतं. मग राळ्याच्या दाण्याएवढं झालं. मग सुईच्या टोकाएवढं. खरं सांगू? त्या खड्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट मी माझ्या हातानं पुसत होते. एका फेरीनंतर पाहिलं तर ते नव्हतं. खडा शाबूत होता.

त्यानंतर झिलई. तांब्याची चकती, हिऱ्याची भुकटी, तेलाचा थेंब. पंधराव्या मिनिटाला मनोहररावांनी हातानं थांब अशी खूण केली. मी पुसलं. धुकं नव्हतं. माथा असा झाला होता, की तो आहे हेच दिसत नव्हतं. सरळ आतच नजर जात होती, आणि आत सगळीकडे मध पेटलेला. बोळीत हातगाडीवाला ओरडत होता, शेजारी कुणाची ऐरण वाजत होती, आणि मला वाटलं आपण फार मोठ्या ठिकाणी उभे आहोत.

पदकात तो कोंदणानं बसवला आहे. शुद्ध सोन्याची पातळ पट्टी खड्याभोवती नुसती दाबत न्यायची, आग लावायची नाही. ते काम मनोहररावांनीच केलं.

आता घरातलं. पॉवर स्टेशनचं बोलावणं आलं आहे, तीस तारखेचं. बाबांनी पाकीट टीव्हीवर ठेवलं आहे. तुझी चिठ्ठी त्यांच्या शर्टाच्या खिशात असते, धुवायला टाकतानाही काढून घेतात. शोभाताई एकोणतीसला पदक न्यायला येणार आहेत. त्या म्हणाल्या, ज्या बाईनं तिरपं करायला सांगितलं तिनं पाहिल्याशिवाय मी घालणार नाही. तेव्हा तुला यावंच लागेल. गुडघ्यांची सबब चालणार नाही. उमरेडवरून येणाऱ्या बसला मी स्वतः उभी राहीन.

वाट पाहणारी,
रोशनी


मु. खैरी,
६ फेब्रुवारी

चि. रोशनीले,
आत्याचा जयभीम, अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचली. तुझ्या आईनं बांधून दिलेल्या संत्र्यातले दोन शेजारणीले दिले. आता ते दारातूनच हात करते.

दुकानात तुमी सारे माझ्या तोंडाकडे पाहून राहिले होते अन् मी काहीच बोलली नाही. तुले वाटलं असन आत्याले आवडलं नाही. मले बोलताच आलं नाही. आता लिहितो.

त्या डॉक्टरबाईनं पदक माझ्या हातात ठेवलं अन् तू डोळ्याले भिंग लावून देलं. मी आयुष्यात लाख दगड फोडले असन. जास्तच असन. हरेक दगड उघडला की आत जे दिसे ते बाहेरच्यावानीच, काळं, खरबरीत. मले वाटे दगडात आत काही नसतेच. अन् या एवढ्याशा दगडात मी पाहिलं तं आत सकाळ होऊन राहिली होती. मी हात हलवला, ते हलली. मले भेव वाटलं, का बा माझा श्वास लागून विझन काय. एका डोळ्यानं पाहिलं मी, पण तुमी दोन डोळेवाले जेवढं पाहता त्याच्यापेक्षा कमी नाही पाहिलं.

तुझ्या बापाचं तुले सांगतो, तू तवा आत चहा करून राहिली होती. तो अर्धी सुटी टाकून आला होता. दगडाकडे त्यानं आधी पाहिलंच नाही. चकतीपाशी तुझा चष्मा ठेवला होता, तो त्यानं उचलला. बाजूनं बंद हाये की नाही ते बोटानं चाचपून पाहिलं. स्वतःच्या डोळ्याले लावला. मंग शर्टाच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, लय वेळ पुसल्या, अन् मनोहररावजीले म्हणे, एकच हाये काय? अजून एक घेऊन ठेवा, याले ओरखडे पडले हाये, नवा मीच आणून देतो. मनोहररावजी हो म्हणे. बस, एवढंच झालं. तीस तारीख गेली, पॉवर स्टेशनले जायाले तुले कोणी उठवलं नाही, ते तुलेही माहीत हाये.

मनोहररावजीनं मले कच्च्या खड्यांची पुडी देली होती, पाहून सांगा म्हणे कोणता उकलन. त्यातले तीन मी बाजूले काढले. चौथ्याचं मले पक्कं सांगता येत नाही, त्यांनी पाणी टाकून पाहावं.

आता परतीचं ऐक. बस उमरेड सोडून इकडे लागली. मी खिडकीपाशी होती. या रस्त्यानं मी शंभरदा आली-गेली असन. पण त्या दिवशी एकदम ध्यानात आलं, का या रस्त्याखालची गिट्टी आमची होय. माझी, देवाजीच्या बायकोची, अन् त्या साऱ्या बायांची. चार वर्सं आमी हाच रस्ता फोडत होतो. ज्या ट्रकवर मी अन् अंकुश बसलो होतो, तो माल इथंच कुठंतरी पडला. वरून डांबर, त्याच्यावर डांबर, पण खाली आमचाच दगड हाये, अन् त्याच्यावरून बस चालली, संत्र्याचे ट्रक चालले, लग्नाची एक वरात चालली होती बॅन्ड घेऊन. कोणाले माहीत नाही. मले तरी कुठं माहीत होतं?

मी चपला काढल्या अन् पाय बसच्या पत्र्यावर टेकवले. कान गेले, पण पायाले समजते. साऱ्या रस्त्यानं खालचा दगड थरथर करून राहिला होता. कंडक्टर येऊन काहीतरी म्हणाला. म्या त्याले म्हटलं, मले ऐकू येत नाही बाप्पा, पण या रस्त्याची गिट्टी म्या फोडली. मंग खाली वाकून त्यानं माझ्या चपला सीटखाली सरकवल्या, कोणाच्या पायात येऊ नये म्हणून.

पवनी येईपर्यंत मी पाय उचलले नाही.

तुमच्या साऱ्यांची,
मीरा आत्या